नागावचे केरूनाना आणि कुलाब्याची चुंबकसूची

मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणाच्या बातम्या वाचणाऱ्यांना कासू हे नाव नवे नाही. पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे या कामाचे टप्पे सांगितले जात आणि पेणच्या पुढचे हे लहानसे गाव वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत राहिले. रेल्वेने रोह्याकडे जाणाऱ्यांना ते पेण आणि नागोठणे यांच्यामधले एक स्थानक म्हणून माहीत असते. या मार्गावर आता विजेच्या तारा आहेत आणि त्यांत २५ हजार व्होल्ट दाबाची वीज खेळते. एखाद्या शाळकरी मुलाने या फलाटावर उभे राहून होकायंत्र उघडले, तर रुळांचे आणि खांबांचे लोखंड सुईला थोडेफार ओढील. पण डोक्यावरच्या तारेतून गाडीला वीज मिळत असताना त्या विजेमुळे सुई दिशा बदलणार नाही. वीज वाहिली की तारेभोवती चुंबकत्व निर्माण होते, असे तर त्या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेले असते. मग सुई गप्प का राहते?

उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. कासूहून वडखळमार्गे अलिबाग गाठले की समुद्राजवळ एक वेधशाळा लागते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणे हेच तिचे काम. १९०४ साली ती तेथे आली, आणि आली ती मुंबईतल्या विजेच्या ट्रामगाड्यांच्या धास्तीने. ही वेधशाळा मुंबईत होती तेव्हा तिच्या चुंबकसूचीपाशी एका तरुणाने आपल्या उमेदीची सुमारे दहा वर्षे काढली होती. तो तरुण अलिबागजवळच्याच नागाव या गावचा. नाव केरो लक्ष्मण छत्रे.

महाराष्ट्र त्यांना केरूनाना छत्रे म्हणून ओळखतो. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू आणि पटवर्धनी पंचांगाचे कर्ते ही त्यांची ठरलेली ओळख. वेधशाळेतली दहा वर्षे त्यांच्या चरित्रलेखांत बहुधा एका ओळीत उरकली जातात. १६ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ही एक ओळच उलगडून पाहण्यासारखी आहे, कारण पुढचे केरूनाना घडले ते तेथे, असे मानायला बरीच जागा आहे.

केरूनानांचा जन्म १८२५ चा. वीज आणि चुंबक यांचे नाते उघडकीला येऊन तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. १८२० साली कोपनहेगन येथे ओर्स्टेड या प्राध्यापकाला असे दिसले, की विद्युतघटाला जोडलेली तार होकायंत्राजवळ आणली की सुई आपली उत्तर-दक्षिण दिशा सोडते. आज हा प्रयोग कोणत्याही घरात करता येतो. एक साधा सेल, वीतभर तांब्याची तार आणि एक होकायंत्र एवढे पुरे. सुई ज्या दिशेला स्थिर असेल त्याच दिशेने तार तिच्यावर धरावी आणि तारेची टोके सेलला क्षणभर टेकवावीत. सुई वळते. सेल उलटा करावा. सुई विरुद्ध बाजूला वळते. (टोके फार वेळ टेकवून ठेवू नयेत, तार आणि सेल दोन्ही तापतात.) तोवर वीज हा एक विषय होता आणि चुंबक हा दुसरा. या प्रयोगाने दोहोंमधली भिंत पाडली. केरूनाना सहा वर्षांचे असताना, १८३१ मध्ये, लंडनला मायकेल फॅरेडे यांनी उलटी बाजू दाखवली. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवले की तारेत वीज उत्पन्न होते. पुढे याच जिल्ह्यात खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे पाण्याच्या जोरावर जी जनित्रे फिरली, ती या एका तत्त्वावर.

नागावच्या मुलापर्यंत हे सारे पोहोचायला मुंबई गाठावी लागली. केरूनाना मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. तेथे त्यांना दोन शिक्षक असे लाभले, की ज्यांच्यामुळे त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. एक प्राध्यापक ऑर्लिबार; खगोल आणि सृष्टिविज्ञान हे त्यांचे विषय. दुसरे बाळशास्त्री जांभेकर. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री आपल्याला आद्य पत्रकार म्हणून ठाऊक आहेत, आणि आम्हा वार्ताहरांचा पत्रकार दिनही त्यांच्याच नावे साजरा होतो. परंतु ते गणिताचे अध्यापक होते आणि कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभारही काही काळ त्यांच्याकडे होता, हे सहसा सांगितले जात नाही.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईच्या दक्षिण टोकाला बांधली. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवावी आणि आकाशाचे वेध घ्यावेत, हा मूळ हेतू. १८४१ मध्ये ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकत्वाची आणि हवामानाची मापने सुरू झाली. जर्मनीतल्या गॉटिंगेन येथे गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप कसे करावे याची पद्धत बसवली होती, आणि जगभर एकाच वेळी अशी मापने घ्यावीत म्हणून युरोपात मोठी मोहीम उभी राहिली होती. टोरँटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट, मद्रास, सिंगापूर अशी ठाणी ठरली. मुंबई त्यांतले एक. या योजनेत महिन्यातला एखादा दिवस असा नेमलेला असे, की त्या दिवशी सर्व ठाण्यांवर गॉटिंगेनच्या घड्याळानुसार दर पाच मिनिटांनी सुई वाचायची. जगाच्या चार कोपऱ्यांत बसलेली माणसे एकाच क्षणी एकच गोष्ट पाहत आहेत, ही कल्पनाच त्या काळी अपूर्व होती.

१८४० च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, केरूनाना या वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. आजच्या हिशेबाने दहावीतला मुलगा.

त्या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. होकायंत्राची सुई आपल्याला स्थिर दिसते. ती तशी नसते. पृथ्वीचे चुंबकत्व मुळात क्षीण. फ्रिजच्या दारावर कागद धरून ठेवणारे लहानसे चुंबकही जवळून पाहता त्याच्या शंभरपट प्रबळ भरते. या क्षीण बलात दिवसाच्या प्रहरांनुसार आणखी बारीक चढउतार होत असतात आणि वेधशाळेला तेच टिपायचे असतात. त्यासाठी चुंबकपट्टी रेशमाच्या धाग्याने टांगतात आणि दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून एका मोजपट्टीवर तिची हालचाल वाचतात. दूर अशासाठी, की वाचणाऱ्याच्या अंगावरची एखादी किल्ली किंवा चाकूसुद्धा पट्टीला विचलित करू शकतो. खोलीत लोखंड वर्ज्य. वाऱ्याची झुळूक नको, कारण धागा हलतो. उष्णता कमीजास्त झाली तर चुंबकाचा जोर बदलतो, म्हणून तापमानाचीही नोंद. उपकरणे डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली. अशा खोलीत ठरलेल्या वेळी, दिवसा आणि रात्रीही, दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची.

कंटाळवाणे काम खरे. पण या कामात एक शिस्त दडलेली असते. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला म्हणून तो दुरुस्त करून लिहायचा नसतो. जो दिसला तोच लिहायचा, आणि तो तसा का आला याचा विचार नंतर करायचा. वयाच्या ज्या वर्षांत मनावर संस्कार पक्के होतात, नेमक्या त्या वर्षांत केरूनानांना ही सवय लागली.

सुई रोज का हलते, याचे उत्तर त्या काळी कोणापाशी नव्हते. आज ते ठाऊक आहे. सूर्यप्रकाशाने वातावरणाचा शंभर किलोमीटरच्या आसपासचा थर विद्युतवाहक बनतो, त्या थरात प्रचंड विद्युतप्रवाह वाहतात आणि ओर्स्टेडच्या तारेप्रमाणेच ते खालच्या सुईला ढकलतात. म्हणजे कुलाब्याच्या खोलीत बसलेला नागावचा तरुण रोज जे लिहून ठेवत होता, ते आकाशातल्या विजेचेच टिपण होते. त्याला ते माहीत असण्याचा संभव नव्हता. सुईच्या हालचालीचा सूर्याशी काही संबंध असावा, एवढा अंदाज १८५० नंतर बांधला जाऊ लागला. केरूनानांनी पुढे ज्ञानप्रसारक सभेपुढे भरती-ओहोटी आणि सूर्यावरचे डाग अशा विषयांवर निबंध वाचले, हा योगायोग म्हणावा की जुन्या कामाची ओढ, हे वाचकांनी ठरवावे.

१८५१ च्या सुमारास ते पुण्यास गेले आणि उरलेले आयुष्य अध्यापनात गेले. पुणे कॉलेज, पुढे त्याचेच झालेले डेक्कन कॉलेज, गणित आणि सृष्टिविज्ञान हे विषय. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. त्यामुळे केरूनानांपाशी कोणतीही पदवी नव्हती, आणि पदवीधर घडवणाऱ्या महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. मराठी शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले. आज मराठी माध्यमातला विद्यार्थी चुंबकत्व, प्रवाह, दाब हे शब्द सहज वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पदार्थविज्ञान मराठीत लिहायला बसलेल्या माणसासमोर असे शब्द आयते मांडून ठेवलेले नव्हते. अव्वल इंग्रजीतल्या मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण निबंध आणि कादंबरी यांची आठवण काढतो. या शालेय पुस्तकांकडे मात्र कोणी वळत नाही. हा अन्यायच आहे.

१८७० च्या दशकात डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली टिळक शिकले. गुरूंविषयी टिळकांच्या मनात अखेरपर्यंत अपार आदर होता. १८७७ मध्ये सरकारने केरूनानांना रावबहादुर ही पदवी दिली, १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले.

या काळातले त्यांचे सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त काम म्हणजे पंचांगाची सुधारणा. जुन्या ग्रंथांवरून गणित केलेले ग्रह आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे ग्रह यांत अंतर पडले होते. ग्रहण सांगितलेल्या वेळी लागत नसे. केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि शके १७८७ म्हणजे १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. आबासाहेब पटवर्धन यांचा आश्रय लाभल्याने ते पटवर्धनी म्हणून ओळखले गेले. त्यांची भूमिका सरळ होती. ग्रह जेथे दिसतो तेथेच तो पंचांगात असला पाहिजे. वेधशाळेत वही भरणाऱ्या माणसाने दुसरे काय म्हणावे? पण पंचांग म्हणजे चुंबकसूचीची वही नव्हे. त्यावर एकादश्या, श्राद्धे, लग्ने आणि संक्रांती अवलंबून. केरूनानांनी राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातल्या एका तारकेपासून धरल्याने त्यांची संक्रांत इतरांपेक्षा काही दिवस आधी येऊ लागली आणि क्वचित अधिक महिनाही निराळा पडू लागला. समाजाने हे पंचांग फारसे स्वीकारले नाही. टिळकांनी गुरूंचा धागा पुढे नेला. १९०४ साली मुंबईत पंचांग-परिषद भरली तीत त्यांचा पुढाकार होता, आणि पुढे या परंपरेतूनच टिळक पंचांग आले. कोकणात ते पाळणारी घराणी आजही आहेत. अधिक मासाच्या काही वर्षी त्यांचा गणपती महिनाभर आधी येतो. पेणच्या मूर्तिकारांच्या गिऱ्हाइकांत अशी घरे असली, तर महिन्याच्या या फरकाच्या मुळाशी कोण आहे, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल.

केरूनाना पुण्यात शिकवत असताना त्यांच्या जुन्या वेधशाळेत एक विलक्षण घटना नोंदली गेली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर झोत पाहिला. एक दिवस उलटण्याच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांच्या तारांत आपोआप वीज वाहू लागली. काही ठिकाणी तारमास्तरांनी विद्युतघट काढून ठेवले तरी संदेश जात राहिले. कुलाब्याच्या माणसांनी त्या गडबडीतही दुर्बिणीला डोळा लावून आकडे लिहिले. येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा क्षितिजसमांतर भाग आज सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. त्या दिवशी तो जवळजवळ १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. सूर्याच्या कोपाची ही नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात, आणि २००३ मध्ये त्यांनी त्या वादळाची तीव्रता नव्याने ठरवली ती कुलाब्याच्या आकड्यांवरूनच. ज्यांनी ते आकडे लिहिले, त्यांची नावे कोणाच्या ओठी नाहीत. केरूनाना पुढे मोठे झाले म्हणून त्यांचे नाव उरले. ही जुनी नोंद केवळ कुतूहलाची नाही. १३ मार्च १९८९ रोजी त्याहून सौम्य अशा चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज सुमारे नऊ तास घालवली होती. सुई हलते तेव्हा लांबलचक तारांमध्येही प्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडेचा नियम सूर्यालाही लागू आहे.

आता ट्रामगाड्यांकडे वळू. मुंबईत १८७४ पासून ट्राम होत्या, पण त्या घोड्यांच्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर त्या विजेवर चालवण्याचे ठरू लागले. वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभाई मूस होते. एडिंबरोला शिकून आलेले हे पारशी शास्त्रज्ञ १८९६ मध्ये या पदावर आले. वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. विजेच्या ट्रामने काय होणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. ट्रामला वरच्या तारेतून येणारी वीज रुळांतून परत जाते. जाणारा आणि येणारा प्रवाह जवळजवळ असले तर त्यांचे परिणाम दूरवर एकमेकांना पुसून टाकतात. पण रूळ जमिनीला टेकलेले. परतीचा काही प्रवाह जमिनीत झिरपतो, वाटेल त्या मार्गाने भटकतो आणि ही पुसापुशी अपुरी राहते. त्यात ट्रामची वीज एकाच दिशेने वाहणारी. म्हणजे ओर्स्टेडची तार घेऊन कोणीतरी रोज शहरभर फिरावे, तसा प्रकार. सूर्यामुळे होणारी सुईची हालचाल आणि ट्राममुळे होणारी हालचाल यांचा भेद करणे अशक्य झाले असते.

मूस यांनी जागा शोधली ती मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे, अलिबागला. येथे एक गंमत आहे. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून जिल्ह्याला ते नाव. १९८१ मध्ये त्याचे रायगड झाले. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघाली आणि कुलाब्यातच येऊन पोहोचली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड निवडण्यात आला. कोकणातला काळा दगड चालला नसता, कारण त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. खिळे, बिजागऱ्या, कड्या तांब्या-पितळेच्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. ती १९६४ मध्ये बंद झाली. मूस यांनी १९१० मध्ये मुंबईच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी दोन खंडांत चर्चेसह प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या पहिल्या काही वर्षांच्या नोंदी केरूनाना वेधशाळेत असतानाच्या आहेत.

कासूच्या फलाटावरचा प्रश्न अजून बाकी आहे. तेथल्या तारेतली वीज ट्रामसारखी एकमार्गी नाही. ती सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. एका दिशेने ढकलल्यावर सुई वळायला लागते न लागते तोच उलटा धक्का बसतो. सुई जड पडते, कोणाचेच ऐकत नाही आणि जागच्या जागी राहते. चुंबकत्व असते, सुई त्याच्या मागे धावू शकत नाही, इतकेच.

भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. रोह्याची गाडी कासूला येण्याआधी पनवेलवरूनच येते. अलिबागची उपकरणे आता स्वयंचलित आहेत आणि रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसावे लागत नाही. मूस यांनी एक काळजी मात्र घेतली होती. अलिबागला मापने सुरू होताच कुलाब्याची बंद न करता १९०४ ते १९०६ अशी दोन्हीकडे एकाच वेळी चालू ठेवली, म्हणजे दोन जागांमधला फरक काढता यावा आणि जुने आकडे नव्यांना जोडता यावेत. मग मुंबईतली चुंबकीय मापने थांबली. त्या जोडणीमुळे अलिबागला काल उमटलेली रेषा आणि १८४० च्या दशकात नागावच्या मुलाच्या वेळच्या वहीतले आकडे आजही एकाच मालिकेत मोडतात.